पंप गेला

"आई आहे ना अजून?"

फ्रँकफर्टच्या विमानतळावर दारातून बाहेर येताच दिगंबर भाऊजींनी विचारलं ते एवढंच.

"आहे," मधू म्हणाला. "तुझीच वाट बघतेय. चल."

मधू माझा नवरा, भाऊजींचा थोरला भाऊ. त्यानं त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि पार्किंगच्या दिशेनं चालू लागला. दोघं सहा वर्षांनी भेटत होते, पण मिठी मारायचं कोणालाच सुचलं नाही. भाऊजींच्या अंगात पातळ जाकीट होतं. ते राहायचे त्या अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आमच्याहून कडक थंडी, पण तिथं घरातल्या गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून थेट ऑफिसच्या दारात असं त्यांचं चालायचं. थंडीत उभं राहायची वेळच येत नसे.

जानेवारी महिना होता. युरोच्या नोटा नुकत्याच हातात आल्या होत्या आणि जर्मनीत सगळे अजून मार्कांत हिशेब करत होते. सासूबाई मिरजेहून आमच्याकडे उल्मला तीन महिने राहायला आल्या होत्या. नाताळ झाल्यावर एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला आणि त्या खुर्चीतच कलंडल्या. उजवं अंग गेलं, वाचाही गेल्यासारखीच झाली. पण खोलीत कोणी आलं की त्या डावा हात थोडा उचलायच्या आणि एकच शब्द विचारायच्या, "दिगू?" मी नाही म्हटलं की हात खाली जायचा. डॉक्टरांनी आदल्या दिवशी मधूला बाजूला घेऊन सांगितलं होतं, भावाला बोलवायचं असेल तर आत्ताच.

आणि आता दिगू आला होता. त्याला उल्मपर्यंत पोचवायचं, एवढंच काम उरलं होतं.

मी थर्मास घेऊन मागे बसले. गाडी हायवेला लागली तरी कोणी बोलेना. आईबद्दल विचारावं असं भाऊजींना वाटत असणार, सांगावं असं मधूला. पण दोघांनाही ते जमणारं नव्हतं. शेवटी भाऊजींनी डॅशबोर्डवर बोट ठेवलं.

"हे काय दाखवतंय? पाच पॉइंट एक?"

"शंभर किलोमीटरला पाच लिटर."

"सरळ सांगावं ना माणसानं, लिटरला किती जाते ते. मिरजेत पानवालासुद्धा विचारतो, ॲव्हरेज काय देते?"

"साडेएकोणीस देते. पानवाल्याला सांग."

"तुमच्याकडे सगळा उलटा कारभार. आमच्याकडे आकडा वाढला की बरं, तुमच्याकडे कमी झाला की बरं."

"तुमच्याकडे सगळंच वाढतं," मधू म्हणाला. "इंजिन, गाडी, पोटं."

भाऊजी हसले नाहीत, पण सीटमध्ये जरा सैल बसले. मीही सैल झाले. हे भांडण माझ्या ओळखीचं होतं.

मिरजेला आमच्या घरासमोर पिठाची गिरणी होती. तिचं जुनं तेलावरचं इंजिन दिवसभर पुक-पुक करायचं. सासूबाई दोघांना दळणाचा डबा देऊन पाठवायच्या, आणि दळण संपलं तरी पोरं घरी यायची नाहीत. इंजिनासमोर उकिडवी बसून राहायची. मोठं झाल्यावर एक जर्मनीला गेला, एक अमेरिकेला. मधू उल्मजवळच्या एका कारखान्यात डिझेल इंजिनांच्या चाचण्या करायचा. भाऊजी डेट्रॉइटजवळ पिकअप ट्रकांच्या गिअरबॉक्सवर काम करायचे. वीस वर्षं दर रविवारी फोनवर एकच वाद, कोणाची इंजिनं खरी? सासूबाई आमच्याकडे असल्या की मधेच फोन ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही दोघं अजून गिरणीतच बसलायत रे. उठा आता, दळण थंड झालं."

"माझी व्ही-एट अडीच लाख मैल गेली," भाऊजी सांगत होते. "तेल बदलण्यापलीकडे हात लावला नाही तिला. तुझ्या या शिवणयंत्राला जमेल?"

"तुमच्याकडे पेट्रोल पाण्याच्या भावात. आठ सिलिंडर लावा नाही तर बारा. इथं सरकार इंजिनाच्या आकारावर कर घेतं, पेट्रोलवर वेगळा घेतं. म्हणून इथल्या इंजिनिअरला डोकं चालवावं लागतं."

"डोकं चालवून केलं काय? एवढ्याशा डब्याला टर्बो लावला आणि पिळून काढलं. त्यात हा डिझेलचा सोस. डिझेल आम्हीही जाळतो, दादा. माझ्याकडे पिकअप आहे ना बोट ओढायला. पण ते ओझी ओढायला. माणसं न्यायला डिझेल? आणि या तुमच्या इंजिनांतल्या नव्या पंपांची प्रेशरं बघितलीस का? एक थेंब घाण गेली की खलास. नाजूक मशीन आहे ही. नाजूक मशीनवर जीव टाकू नये माणसानं."

"अरे, ही नाजूक मशीन एका टाकीत हजार किलोमीटर जाते. तुझी व्ही-एट तेवढ्यात तीनदा पंपावर जाऊन येईल."

"वहिनी, चहा द्या याला. बोलून दमला असेल."

मी चहा दिला. कप हातात घेऊन भाऊजींनी काचेतून बाहेर पाहत विचारलं, "बोलते का रे ती?"

"तुझं नाव घेते," मधू म्हणाला.

भाऊजींनी चहा न पिताच कप मला परत दिला. बर्फ सुरू झाला होता.

स्टुटगार्ट मागे पडलं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. एका टाकीत हजार किलोमीटर जातात हे सिद्ध करायला मधू टाकी नेहमी तळापर्यंत जाऊ द्यायचा. त्यात गेले काही दिवस घर आणि हॉस्पिटल याशिवाय त्याचं कशातच लक्ष नव्हतं.

"दिवा लागलाय, दादा."

"लागू दे. दिवा लागल्यावर साठ-सत्तर किलोमीटर सहज जाते."

"आणि उल्म?"

"ऐंशी असेल."

"मग उरलेल्या रस्त्यात काय, वहिनींनी ढकलायची?"

मधूनं पुढच्याच पंपावर गाडी घेतली. तो दार उघडतोय तोच त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. नंबर हॉस्पिटलचा होता. तो तसाच फोन कानाला लावून, वाऱ्यापासून आडोसा शोधत हवा भरायच्या मशीनपाशी गेला.

"मी भरतो," भाऊजी त्याच्या पाठीमागून म्हणाले. "डिझेलच ना?"

मधूनं न वळता हात वर केला. "डिझेल."

भाऊजी पंपासमोर उभे राहिले. हातात क्रेडिट कार्ड. पंपाच्या एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. मग माझ्या काचेवर टकटक केली. मी काच खाली घेतली.

"कार्ड कुठं घालायचं?"

"आधी भरायचं, भाऊजी. मग आत जाऊन पैसे द्यायचे."

"आधी? आणि कोणी भरून पळून गेलं तर?"

"इथं पळत नाही कोणी."

"कमाल आहे," ते म्हणाले. हसले. त्या दिवशीचं त्यांचं ते शेवटचं हसू. बर्फ आत येऊ लागला म्हणून मी काच वर केली. काचेवर वाफ धरली होती. पलीकडे त्यांची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती.

मधू परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"श्वास बदललाय म्हणाले," तो मला हळू आवाजात म्हणाला. "दिगूला सांगू नकोस. वेळेत पोचू."

भाऊजींना यायला वेळ लागला. आत रांग होती. लोक मार्क देत होते आणि युरोत सुटे घेत होते, प्रत्येकाचा हिशेब दोनदा होत होता. ते आले, बसले, दोन्ही हातांवर फुंकर घातली. मधूनं गाडी जवळजवळ उडवलीच.

उल्मच्या अलीकडे हायवेला आल्बचा डोंगर चढावा लागतो. बर्फ पडला की ट्रक त्या चढावर मुंगीसारखे सरकतात. आम्ही डाव्या पट्टीतून त्यांना मागे टाकत होतो. टाकीच्या तळाशी उरलेलं डिझेल होतं तोवर गाडी धावली. मग चढाच्या मध्यावर इंजिन कडकड वाजायला लागलं, डब्यात खडे घालून हलवावेत तसं. मधूनं ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं एक हिसका दिला, आणखी एक दिला. दोन ट्रकांच्या फटीतून त्यानं ती कशीबशी कडेला घेतली आणि ती थांबली.

त्यानं चावी फिरवली. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन उठलं नाही. पुन्हा फिरवली.

"थांब. थांब, दादा," भाऊजी म्हणाले. मान तिरकी करून ऐकत होते. "आवाज ऐकलास का मघाचा? इंधनच पोचत नाहीये. तुझा पंप गेलाय."

"पंप कसा जाईल?"

"कसा जाईल? मी दोन तास काय सांगतोय?"

हायवेवर गाडी बंद पडली की त्यात बसून राहायचं नाही, कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं, असा तिथला नियम. आम्ही पलीकडे बर्फात उभे राहिलो. मधूनं मदतसेवेला फोन केला, मग टॅक्सीला. टॅक्सीवाले हायवेवर यायला तयार नव्हते. मग हॉस्पिटलला लावला, तो कोणी उचलला नाही. समोरून ट्रक जात होते आणि त्यांच्या चाकांखालचा राडा आमच्या अंगावर उडत होता. मी माझी शाल भाऊजींच्या खांद्यावर टाकली. ती पडली तरी त्यांनी उचलली नाही.

"किती लांब आहे अजून?" त्यांनी दोनदा विचारलं. मधूनं दोनदा सांगितलं. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले.

मदतसेवेची पिवळी गाडी आली तेव्हा माझ्या पायांची बोटं बधिर झाली होती. मेकॅनिक पोरसवदा नव्हता, चांगला पन्नाशीचा होता. त्यानं बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलं, "एवढ्यात इंधन भरलंत?"

"हो, आत्ताच," मधू म्हणाला.

मेकॅनिकनं टाकीचं झाकण उघडलं, हातमोजा काढला आणि वाकून वास घेतला. मग सरळ होऊन मधूकडे बघितलं. "पेट्रोल आहे," तो म्हणाला. "डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलंत तुम्ही."

मी मधूच्या मागे उभी होते. आधी मला राग आला तो शब्दांत सांगता येणार नाही. आमच्याकडच्या पंपांवर हिरव्या मुठीची नळी पेट्रोलची आणि काळ्या मुठीची डिझेलची असते. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हा जन्मभर गाड्यांत घालवलेला माणूस.

"काय म्हणतोय तो?" भाऊजी कठड्यापलीकडून ओरडले.

मधूनं मेकॅनिककडे सरकून, आवाज उतरवून सांगितलं, "आमची आई उल्मच्या हॉस्पिटलात आहे. शेवटचं आहे तिचं. इंधन माझ्या भावानं भरलं, त्याला जर्मन येत नाही. त्याला काही कळू देऊ नका."

मेकॅनिकनं कठड्याकडे नजर टाकली. "मला काय करायचंय," तो म्हणाला. "पण आता चालू करू नका गाडी. पंप जाईल."

"गेला असेल."

"असेलही." त्यानं हातमोजा चढवला. "गाडी राहू दे इथं, ती उचलायला दुसरं कोणी येईल. तुम्ही माझ्या गाडीत बसा. खालच्या गावात टॅक्सी मिळते."

मधू कठड्यापाशी गेला. "तू म्हणालास तेच," त्यानं भावाला सांगितलं. "पंप गेला."

"बघ!"

"हो. बरोबर होतं तुझं, दिगू. नाजूक मशीन आहे ही."

वीस वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडलं. "मधू, अरे..."

"सुलभा, गाडीतला थर्मास घे," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाला, "घे आणि चल."

हॉस्पिटलच्या जिन्यावरून भाऊजी आमच्या पुढे धावले. खोली कुठली हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक मजल्यावर थांबून मागे वळून बघत होते. मधू वर बोट करत होता.

खोलीत गारठा होता. खिडकी सताड उघडी, पडदा हलत होता, आत खिडकीच्या कट्ट्यावर बर्फाची रेघ धरली होती.

"एवढ्या थंडीत खिडकी कोणी उघडी ठेवली?" भाऊजी म्हणाले. घाईघाईनं पुढे होऊन त्यांनी ती बंद केली, खिटी लावली. मग पलंगाकडे वळले. "आई. आई, मी आलोय."

मी दारातच थांबले होते. मला तिथली रीत माहीत होती. तिथल्या नर्सेस माणूस गेलं की खिडकी उघडतात. आत्म्याला बाहेर जायला वाट हवी म्हणून.

नर्स माझ्या मागे येऊन उभी राहिली. "आत्ताच," ती म्हणाली. "मी हात धरून बसले होते. त्या शेवटी बरंच काही बोलल्या. मला तुमची भाषा येत नाही. माफ करा."

भाऊजींनी आईचा डावा हात हातात घेतला होता. तो त्यांनी थोडा उचलून बघितला, सोडला. मग आमच्याकडे तोंड केलं. मधू पलंगाच्या पायाशी उभा होता, ओल्या बुटांनी, खांद्यावर बर्फ तसाच.

"मिळालं ॲव्हरेज?" भाऊजी म्हणाले. ओरडले नाहीत. "मिळालं ना तुला तुझं ॲव्हरेज, दादा?"

मधूनं आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

पुढचे दिवस कागदपत्रांत गेले. दहन उल्मलाच झालं. अस्थी कृष्णेत सोडायच्या ठरल्या तेव्हा मधूनं दोघांची तिकिटं काढायची तयारी केली. भाऊजी म्हणाले, "मी एकटा नेतो. तू तुझं इंजिन दुरुस्त कर."

ते गेले त्या सकाळी मी स्वयंपाकघरात मधूला गाठलं.

"का सांगत नाहीस त्यांना?"

"काय सांगू?"

"जे झालं ते. पेट्रोल त्यांनी भरलं. आईची भेट तुझ्यामुळे चुकली नाही त्यांची, स्वतःमुळे चुकली."

मधू ब्रेडला लोणी लावत होता. ते एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नीट लावून झाल्यावर म्हणाला, "माझ्यावर रागावून तो जगेल. स्वतःवर रागावला तर नाही जगायचा. मी ओळखतो त्याला."

"पण चूक त्यांची आहे."

"नाही गं. त्याचा हात बरोबर गेला होता."

मला वाटलं, भावाची माया बोलतेय. मी वाद घातला नाही. कोणालाही सांगणार नाही असा शब्द मात्र त्यानं माझ्याकडून घेतला.

रविवारचे फोन थांबले. दिवाळीला एक यायचा, पुढे तोही मुलांच्या हातून यायला लागला. भाऊजींनी मिरजेत सगळ्यांना सांगितलं असणार, कारण दोन वर्षांनी सांगलीला एका लग्नात मधूचा मावसभाऊ जेवणाच्या पंगतीत म्हणाला, "काय मधूशेठ, डिझेल वाचवायला गेलात म्हणे?" आजूबाजूचे चार जण हसले. मधूही हसला आणि जिलेबी वाढणाऱ्याला हाक मारली. मी हातातला घास पानात ठेवला.

गाडी त्यानं विकली नाही. नवा पंप बसवून घेतला आणि पुष्कळ वर्षं चालवली. पण डॅशबोर्डवरचा तो आकडा बदलला. जिथं शंभर किलोमीटरला किती लिटर ते दिसायचं, तिथं बाहेरचं तापमान दिसायला लागलं. ॲव्हरेज हा शब्द घरात पुन्हा निघाला नाही. टाकी अर्धी झाली की तो भरून घ्यायचा.

मग त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. शेवटच्या महिन्यात मी एकदा म्हटलं, "आता तरी सांगू दे मला भाऊजींना. तुझ्याशी एकदा धड बोलतील तरी."

तो डोळे मिटून पडला होता. "काय सांगशील? त्याचा हात बरोबर गेला होता." तेच वाक्य. औषधांच्या गुंगीत बोलतोय असं मी धरून चालले.

भाऊजी आले नाहीत. फोनवर म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर कळवा." मला काही लागलं नाही.

मधू गेल्यावर दीड वर्षानं त्यांच्या मुलीच्या, इराच्या लग्नाचं बोलावणं आलं. फोनवर ते स्वतः होते. आवाज म्हातारा झाला होता. "तुम्ही यायलाच हवं, वहिनी. दादाच्या जागी कोणीतरी हवं."

मी जायचं ठरवलं ते लग्नासाठी नाही. मधू गेला होता, आता कोणासाठी झाकून ठेवायचं? विमानात मी वाक्य जुळवत होते. शेवटी साधंच ठरवलं. भाऊजी, त्या दिवशी पंप गेला नव्हता. टाकीत पेट्रोल होतं, आणि ते तुम्ही भरलं होतं. आईची भेट तुमची चुकली ती मधूमुळे नाही. एवढं बोलायचं, आणि पुढचं त्यांचं त्यांनी बघायचं.

डेट्रॉइटच्या विमानतळावर ते पिकअप घेऊन आले होते. मला चढायला हात दिला. केस गेले होते, हात थरथरत होता.

"लांब आहे घर," ते म्हणाले. "झोपा हवं तर."

"नाही. बोलायचंय मला."

"मलाही बोलायचंय." रस्ता सरळसोट होता, दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत. त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "दादाला मी फार वाईट बोललो, वहिनी. आईच्या पुढ्यात. मशीन आहे, जायचीच कधीतरी. पंप गेला यात त्याचा काय दोष? मी माफ केलंय त्याला. कधीच केलंय. सांगायचं राहून गेलं."

माफ केलंय. जुळवलेलं वाक्य जिभेवर आलं.

"भाऊजी..."

"थांबा हं, डिझेल घेतो. घरापर्यंत पुरायचं नाही." त्यांनी गाडी पंपावर वळवली.

ते खाली उतरले. खिशातून कार्ड काढून पंपात सरकवलं, आकडे दाबले. मी ठरवलं, आता. ते भरून होईपर्यंत काच खाली करायची आणि सांगून टाकायचं. मी काच खाली केली, आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. त्यांनी नळी उचलली होती. तिची मूठ हिरवी होती.

"भाऊजी! हिरवं!"

मी इतक्या मोठ्यांदा ओरडले की पलीकडच्या पंपावरच्या बाईनं वळून बघितलं. भाऊजी थबकले.

"काय झालं?"

"ते हिरवं आहे."

"मग? डिझेल आहे." त्यांनी मूठ माझ्याकडे करून दाखवली. हिरव्या रबरावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. शेजारच्या पेट्रोलच्या नळीची मूठ काळी होती. "इथं डिझेल हिरवंच असतं, वहिनी. बोट ओढतोय तेव्हापासून हेच उचलतोय. आता डोळे मिटूनही हात तिथंच जाईल."

हात बरोबर गेला होता. मधू कारखान्याच्या कामासाठी एकदा डेट्रॉइटला येऊन गेला होता, आमचं लग्न व्हायच्या आधी. त्यानं हे पंप बघितले होते. त्या बर्फात, मेकॅनिक टाकीवरून सरळ झाला त्याच क्षणी त्याला कळलं होतं. मला त्यानं दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा ऐकून घेतलं नव्हतं.

भाऊजींनी नळी टाकीत घातली, पण खटका दाबला नाही. मूठ धरून तसेच उभे राहिले. तिच्याकडे बघत होते.

"का?" त्यांनी विचारलं. आवाज सहज होता. "तिकडं वेगळं असतं का?"

गवतावरून वारा येत होता. ती हिरवी मूठ त्यांनी सोडली नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "तिकडंही हिरवंच असतं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी खटका दाबला. पंपावर गॅलनचे आकडे पळायला लागले.

मी काच वर केली.